घरच्या अॅम्प्लिफायरसाठी व्हॉल्व्ह : निवड आणि पारख

व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये साधारणपणे तीन तऱ्हेची कामे असतात आणि प्रत्येक कामाचा व्हॉल्व्ह निराळा असतो. रेकॉर्ड प्लेअर, रेडिओ किंवा सीडी प्लेअरकडून आलेला अशक्त सिग्नल मोठा करणारे लहान व्हॉल्व्ह सर्वांत आधी लागतात. लाउडस्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारे मोठे आउटपुट व्हॉल्व्ह त्यांच्या मागून येतात. काही यंत्रांत एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्हही असतो. दुकानात ‘चांगला व्हॉल्व्ह द्या’ एवढे सांगून भागत नाही ते यामुळेच. फोनो अॅम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात खरखर करणारा व्हॉल्व्ह दोन टप्पे पुढे लावला तर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. उलट तपासणी यंत्रावर उत्तम ठरलेला आउटपुट व्हॉल्व्ह ४०० व्होल्टवर तासभर तापला की दगा देतो. व्हॉल्व्हला जिथे बसायचे आहे ती जागा डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची पारख करावी लागते.

त्यासाठी आतली रचना थोडी माहीत हवी. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत मधोमध कॅथोड असतो. ही निकेलची बारीक नळी असून तिच्यावर बेरियम आणि स्ट्राँशियम यांच्या ऑक्साइडांचा पांढरा लेप असतो. तिच्या पोटातली हीटरची तार, कारागिरांच्या तोंडी फिलामेंट, तापली की लेप नारिंगी दिसू लागतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवतालच्या धातूच्या प्लेटवर मोठा धन दाब असल्यामुळे ते तिकडे ओढले जातात. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचा १९०४ सालचा व्हॉल्व्ह एवढाच होता. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली मध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड, घातली आणि व्हॉल्व्ह सिग्नल मोठा करू लागला. ग्रिडवरचा ऋण दाब किंचित बदलला तरी प्लेटचा प्रवाह बराच बदलतो. वापराने झिजतो तो मुख्यतः कॅथोडचा लेप. ‘व्हॉल्व्ह कमजोर झाला’ म्हणतात तेव्हा बहुधा हा लेप संपत आलेला असतो.

व्हॉल्व्हच्या नावातच बरीच माहिती असते. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर हीटरचे असते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरे रचना सांगतात: ‘सी’ म्हणजे एकाच ग्रिडचा ट्रायोड, ‘एल’ म्हणजे तीन ग्रिडांचा आउटपुट पेंटोड, ‘झेड’ म्हणजे रेक्टिफायर. त्यानंतरचा ८ हा अंक नऊ पिनांच्या लहान बैठकीचा आणि ३ हा अंक आठ पिनांच्या जाड ऑक्टल बैठकीचा. ईसीसी८३ म्हणजे ६.३ व्होल्टवर तापणारे दोन ट्रायोड एकाच काचेत, नऊ पिनांवर. अमेरिकी पद्धतीत सुरुवातीचा अंक हीटरच्या दाबाचा असतो, म्हणून याच व्हॉल्व्हला तिकडे १२एएक्स७ म्हणतात. त्याच्या हीटरचे दोन भाग एकामागे एक जोडले तर १२.६ व्होल्ट लागतात, शेजारी-शेजारी जोडले तर ६.३. ब्रिटिश लष्करी नोंदीतला सीव्ही४००४ हा त्याचाच चांगला अवतार. तीन नावांना तीन भाव सांगितले जातात, पण वस्तू मुळात एकच असते.

पर्यायी व्हॉल्व्ह लावताना मात्र नुसत्या पिना जुळून उपयोग नाही. ईसीसी८३, ईसीसी८१ आणि ईसीसी८२ या तिघांच्या पिना सारख्याच असतात, पण त्यांचा वर्धनांक अनुक्रमे सुमारे १००, ६० आणि १७ असतो. ईसीसी८३ च्या जागी ईसीसी८२ घातला तर सहसा काही जळत नाही. आवाज कमी होतो, आणि त्या टप्प्यातले रेझिस्टर ज्या प्रवाहासाठी निवडलेले असतात त्यापेक्षा वेगळा प्रवाह वाहू लागतो. फोनो अॅम्प्लिफायरमध्ये खर्ज आणि तार यांचा समतोलही यामुळे बिघडू शकतो. खरा धोका हीटरच्या प्रवाहात असतो. ईसीसी८८ ला ३६५ मिलिअँपिअर लागतात. त्याचा स्वस्त पर्याय म्हणून विकला जाणारा रशियन ६एन१पी ६०० मिलिअँपिअर ओढतो. जीझेड३४ या रेक्टिफायरला १.९ अँपिअर लागतात, तर त्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या ५यू४जी ला ३ अँपिअर. यंत्र पहिल्या दिवशी चालते, गाणेही लागते, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर मात्र आतून भाजत राहतो. असा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च व्हॉल्व्हवर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट होतो. म्हणून बदली व्हॉल्व्ह घेताना हीटरचा दाब, हीटरचा प्रवाह, पिनांची मांडणी आणि प्लेटची उष्णता सोसण्याची क्षमता, या चार गोष्टी उत्पादकाच्या माहितीपत्रकातून ताडून पाहाव्यात.

जुना घ्यावा की नवा, हा पुढचा प्रश्न. ब्लॅकबर्नच्या मलार्ड कारखान्यातले, जर्मनीच्या टेलिफंकनचे, हॉलंडच्या फिलिप्सचे, अमेरिकेच्या आरसीएचे व्हॉल्व्ह आता बनत नाहीत. भारतात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. घरोघरीच्या रेडिओंत ते असत आणि मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आजही एखादा डबा हाती लागतो. परदेशी नाव नाही म्हणून हे व्हॉल्व्ह बाजूला ठेवण्याचे कारण नाही. चांगल्या अवस्थेतला बीईएलचा ईएल८४ नामांकित व्हॉल्व्हच्या शेजारी मापात सहज उभा राहतो. नवे उत्पादन आज मुख्यतः स्लोव्हाकियातल्या चादत्सा गावच्या जेजे या कंपनीत, रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यात आणि चीनमध्ये होते. आउटपुट व्हॉल्व्हसाठी नवा संच घेणे बहुतेकांना सोयीचे पडते. तो जुळवून मिळतो, आणि हे व्हॉल्व्ह काही हजार तासांत झिजणारच असतात. लहान व्हॉल्व्ह त्याहून पुष्कळ टिकतात. ई८८सीसी सारख्या खास प्रतीच्या व्हॉल्व्हना उत्पादक १०,००० तासांचे आयुष्य सांगत. तेव्हा जुना, न वापरलेला लहान व्हॉल्व्ह नीट तपासून घेतला तर पैसे वाया जात नाहीत.

काचेवर छापलेल्या नावावर मात्र विसंबू नये. कंपन्या पूर्वीही एकमेकींकडून माल घेऊन त्यावर आपले नाव छापत. मलार्ड हे नाव आज न्यू सेन्सर या अमेरिकी कंपनीकडे आहे आणि त्या नावाचे नवे व्हॉल्व्ह सारातोव्हला बनतात. ते वाईट असतात असे नाही, पण ते ब्लॅकबर्नचे नव्हेत. शाईचे नाव बोटाने पुसले जाते आणि पुन्हा छापताही येते. काचेतली खूण सहसा खोटी करता येत नाही. टेलिफंकनच्या स्वतःच्या नऊ पिनी व्हॉल्व्हच्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेली चौकटीच्या आकाराची खूण असते. मलार्ड आणि फिलिप्सच्या व्हॉल्व्हवर काचेच्या खालच्या कडेला फिकट करडी सांकेतिक अक्षरे कोरलेली असतात. खालच्या ओळीतले पहिले अक्षर कारखान्याचे, पुढचा अंक वर्षाचा, मग महिन्याचे अक्षर आणि शेवटी आठवडा. ‘बी४सी२’ म्हणजे ब्लॅकबर्न, ४ ने संपणारे वर्ष, मार्च महिना, दुसरा आठवडा. दशक कोणते ते प्लेटच्या आणि आतला वायू शोषणाऱ्या गेटरच्या घडणीवरून ठरवावे लागते.

प्रत्यक्ष तपासणी डोळ्यांनी सुरू होते. काचेच्या आत, बहुधा माथ्यावर, आरशासारखा चकचकीत डाग असतो तो गेटरचा. कारखान्यात हवा काढून झाल्यावर बेरियमची वाफ करून हा थर बसवतात आणि पुढे आत उरलेला किंवा हळूहळू सुटणारा वायू तो शोषून घेतो. डाग चंदेरी, तपकिरी किंवा काळपट असला तरी चालते. तो खडूसारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलेली आहे आणि व्हॉल्व्ह मेलेला आहे. त्याला यंत्रात लावून पाहण्याचीही गरज नाही. कडा विरलेल्या आणि पारदर्शक झालेल्या दिसल्या तर व्हॉल्व्ह बराच चाललेला असतो. नंतर पिनांच्या मुळाशी बारीक तडा आहे का ते उजेडात धरून पाहावे. वाकलेल्या पिना सरळ करताना तडा जातो तो नेमका तिथेच. ऑक्टल व्हॉल्व्हची बैठक काचेपासून सुटून हलत असेल तर आतल्या तारा पिळवटल्या जाण्याची भीती असते.

साध्या मल्टिमीटरनेही बरेच कळते. ईसीसी८३ च्या हीटरची टोके ४ आणि ५ या पिनांवर आणि मधला जोड ९ वर असतो. ईएल८४ मध्ये हीटर ४ आणि ५ वर, ईएल३४ मध्ये २ आणि ७ वर. या पिनांमध्ये मीटरने थोडे ओहम दाखवायला हवेत. तापलेला ईसीसी८३ चा पूर्ण हीटर ८४ ओहमांचा असतो, पण थंड असताना त्याचा अगदी लहान अंश दिसतो, कारण तार तापली की तिचा रोध कित्येक पट वाढतो. बाकीच्या पिना, माहितीपत्रकात आतून जोडलेल्या दाखवल्या नसतील तर, एकमेकींपासून पूर्ण तुटलेल्या दिसायला हव्यात. ही थंड चाचणी पार पडली तरी व्हॉल्व्ह निर्दोष ठरत नाही. तापल्यावर धातू पसरतो आणि मग ग्रिड कॅथोडला टेकते, किंवा हीटर आणि कॅथोड यांच्यामधला लेप गळू लागून लाउडस्पीकरमध्ये गुणगुण येते.

पुढची पायरी टेस्टरची, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. दुरुस्तीच्या दुकानांत पूर्वी सर्रास दिसणारा टेस्टर इमिशनचा असे. तो सगळ्या ग्रिड प्लेटला जोडून टाकतो आणि कॅथोडमधून एकूण किती प्रवाह निघतो तेवढे दाखवतो. गायकाला दम किती आहे ते पाहायचे आणि सूर लागतो का ते पाहायचेच नाही, असा हा प्रकार. ग्रिडची जागा सरकलेला व्हॉल्व्ह या टेस्टरवर उत्तीर्ण होतो. उलट इमिशन थोडे उतरलेला पण आपल्या जागी अजून पुष्कळ वर्षे चालला असता असा लहान व्हॉल्व्ह बाद ठरून कचऱ्यात जातो. आता न बनणाऱ्या वस्तूचे असे नुकसान खरोखर हळहळ लावणारे आहे.

ग्रिडचे काम मोजणारे टेस्टर वेगळे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील हिकॉक आणि ब्रिटनची एव्हीओ या कंपन्यांची यंत्रे त्यांत नावाजलेली आहेत. अलीकडे नेदरलँड्सचे रोनाल्ड डेकर यांनी आखलेला यूट्रेसर छंदी लोक स्वतः जोडून घेतात. तो संगणकावर व्हॉल्व्हचे आलेखच काढून देतो. ही सारी यंत्रे जे मोजतात त्याला ट्रान्सकंडक्टन्स म्हणतात: ग्रिडचा दाब एक व्होल्ट बदलला तर प्लेटचा प्रवाह किती मिलिअँपिअर बदलतो. हिकॉकच्या तबकडीवर हाच आकडा मायक्रोम्होमध्ये असतो. १००० मायक्रोम्हो म्हणजे व्होल्टमागे १ मिलिअँपिअर.

ईएल८४ चे उदाहरण घेतले की हे माप स्पष्ट होते. माहितीपत्रकानुसार प्लेटवर आणि स्क्रीन ग्रिडवर, म्हणजे दुसऱ्या ग्रिडवर, २५० व्होल्ट आणि पहिल्या ग्रिडवर उणे ७.३ व्होल्ट दिले तर प्लेटचा प्रवाह ४८ मिलिअँपिअर यायला हवा. व्हॉल्व्ह पाच-दहा मिनिटे तापू देऊन हा प्रवाह टिपायचा. मग बाकी काही न हलवता ग्रिड उणे ७.१ वर आणायची. प्रवाह सव्वादोन मिलिअँपिअरने वाढून ५० च्या थोडा वर गेला तर ट्रान्सकंडक्टन्स व्होल्टमागे सुमारे ११.३ भरला, म्हणजे पुस्तकाबरहुकूम. नव्या व्हॉल्व्हमध्येही थोडाफार फरक असतोच. आकडा नव्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली गेला की व्हॉल्व्ह उतरणीला लागला असे सामान्यतः धरतात. विक्रेता ‘९५ टक्के’ म्हणतो तेव्हा हा टक्का कशाचा, किती व्होल्टवर आणि किती मिलिअँपिअरला मोजलेला, ते विचारावे. याचे उत्तर देता येत नसेल तर त्या टक्क्याला किंमत नाही.

त्याच मांडणीत आणखी दोन चाचण्या होतात. पहिली वायूची. ग्रिडच्या वाटेत १ मेगओहमचा रेझिस्टर घालायचा. चांगल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नसल्याने काही फरक पडत नाही. आत वायू असेल तर त्याचे धन आयन ग्रिडवर येऊन आदळतात. अवघा १ मायक्रोअँपिअर प्रवाह या रेझिस्टरवर १ व्होल्ट उभा करतो, ग्रिड तेवढी कमी ऋण होते आणि प्लेटचा प्रवाह चढतो. यंत्रात हाच व्हॉल्व्ह जास्त तापतो, तापल्याने आणखी वायू सोडतो आणि शेवटी प्लेट लाल होते. दुसरी चाचणी आयुष्याची. हीटरचा दाब दहा टक्क्यांनी उतरवून दोन-तीन मिनिटे पाहायचे. लेप शिल्लक असलेल्या कॅथोडकडे गरजेपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन असल्यामुळे प्रवाह फारसा ढळत नाही. झिजलेल्या व्हॉल्व्हचा काटा मात्र हळूहळू बसत जातो.

कोणताही टेस्टर ज्याचे उत्तर देत नाही ती गोष्ट म्हणजे आवाजातली खरखर. मूव्हिंग मॅग्नेट काट्याकडून येणारा सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, मूव्हिंग कॉइलचा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पहिल्या व्हॉल्व्हमधली सळसळ पुढच्या सगळ्या टप्प्यांतून मोठी होत जाते. इथला व्हॉल्व्ह यंत्रात लावूनच निवडावा. रेकॉर्ड न लावता आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवून अर्धा तास ऐकावे, मग पेन्सिलीच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारावी. मंद ‘टक्’ सगळेच व्हॉल्व्ह करतात. घंटेसारखा नाद घुमत राहिला तर आतली ग्रिड सैल आहे आणि लाउडस्पीकरच्या हादऱ्यानेही ती वाजेल. एका बाजूच्या चॅनेलमध्ये तक्रार असेल तर डाव्या-उजव्या बाजूंचे व्हॉल्व्ह यंत्र बंद करून अदलाबदल करावेत. तक्रार व्हॉल्व्हबरोबर पलीकडे गेली तर दोष व्हॉल्व्हचा. जागेवरच राहिली तर सॉकेट, रेझिस्टर किंवा कंडेन्सर तपासायला हवा.

जुन्या रेडिओत आणि रेडिओग्रॅममध्ये व्हॉल्व्हच्या माथी मारलेला दोष पुष्कळदा कागदी कंडेन्सरचा असतो. ईएल८४ च्या २ क्रमांकाच्या पिनेवर, म्हणजे ग्रिडवर, चॅसीच्या संदर्भात डीसी दाब जवळजवळ शून्य असायला हवा. तिथे एखादा-दुसरा धन व्होल्ट दिसला तर व्हॉल्व्ह काढून क्षणभर पुन्हा मोजावे. दाब तसाच राहिला तर आधीच्या टप्प्यावरून येणारा कंडेन्सर गळतो आहे. दाब नाहीसा झाला तर व्हॉल्व्हमध्ये वायू आहे. गळका कंडेन्सर तसाच ठेवून नवे व्हॉल्व्ह लावत गेले तर एकामागून एक सगळे जळतात. अशी मोजमापे अनुभवी माणसानेच करावीत. या यंत्रांत २५० ते ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर बराच वेळ भरलेले राहतात. हात घालण्यापूर्वी ते रेझिस्टरमधून रिकामे करून, मीटरने खात्री करून घ्यावी. लाउडस्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर चालवूच नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने काम करत असतील तर ते जुळलेले हवेत. पुश-पुल रचनेत दोन व्हॉल्व्हचे स्थिर प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना छेद देतात. ते असमान असले की गाभा चुंबकित होतो आणि खर्ज बिघडतो. जुळणी एकाच प्लेट दाबावर, एकाच बायसवर, म्हणजे ग्रिडच्या स्थिर ऋण दाबावर, आणि व्हॉल्व्ह काही तास चालवल्यानंतर केलेली असावी. कॅथोड रेझिस्टरवर आपोआप बायस घेणाऱ्या यंत्रात नवा संच लावून भागते. स्थिर बायसच्या यंत्रात मात्र संच बदलल्यावर बायस पुन्हा लावावाच लागतो. अशा यंत्रांत बहुधा प्रत्येक कॅथोडखाली १० ओहमांचा रेझिस्टर असतो, त्यावर ०.४ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर ईएल३४ सुमारे १६ वॅट उष्णता सोसतो आहे. त्याची मर्यादा २५ वॅटची आणि सुरक्षित नेम त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतचा. बायस लावून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावा, कारण तो सरकतो. अंधारात काचेच्या आतल्या पृष्ठभागावर निळी झाक दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. प्लेटच्या आत जांभळट धुके दिसले तर तो वायू होय. प्लेटवर लाल ठिपका उमटू लागला तर यंत्र तत्काळ बंद करावे.

शेवटी विजेचा दाब. २२० व्होल्टसाठी बनलेल्या यंत्राला २४० मिळाले तर हीटरवर ६.३ ऐवजी जवळपास ६.९ व्होल्ट जातात आणि लेप लवकर संपतो. दाब फार कमी असला तरीही कॅथोडचे नुकसान होते. घरचा दाब संध्याकाळी आणि रात्री उशिरा वेगळा असतो, म्हणून दोन्ही वेळा हीटरच्या पिनांवर एसी मोजावा. तो ६.० ते ६.६ व्होल्टच्या दरम्यान असावा. सतत वर राहत असेल तर ट्रान्सफॉर्मरची जोडणी २३० किंवा २४५ व्होल्टच्या टॅपवर हलवावी, आणि तशी टॅप नसेल तर यंत्राच्या आधी स्टॅबिलायझर बसवावा.